राज्यसभेचे पहिले सभापती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन्

प्रतिवर्षी ५ सप्टेंबरला शाळाशाळांतून डॉ. राधाकृष्णन् यांच्या तसबिरीस हार घातला जातो. आम्हीही आमच्या नोकरीच्या सर्व वर्षांत तो घातला, मुलांकडून भाषणे करवून घेतली आणि ती ऐकलीही. त्या सर्व भाषणांत एक गोष्ट समान असे. राधाकृष्णन् हे थोर शिक्षक होते आणि पुढे ते राष्ट्रपती झाले, एवढे मुले पाठ म्हणत. परंतु शिक्षकाच्या व्यासपीठावरून राष्ट्रपतिभवनात ते एकदम कसे पोहोचले, हे कोणी सांगत नसे. त्या दोहोंच्या मध्ये पुरी दहा वर्षे आहेत. १९५२ ते १९६२ या काळात ते भारताचे उपराष्ट्रपती होते आणि त्या नात्याने राज्यसभेचे सभापती होते. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यांच्या सार्वजनिक जीवनाची खरी कसोटी याच दहा वर्षांत लागली. म्हणून मंडळाच्या सभासद कुटुंबांपुढे त्यांचे चरित्र ठेवताना आम्ही याच भागावर अधिक भर देणार आहोत.

राधाकृष्णन् यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ रोजी तिरुत्तणी या क्षेत्राच्या गावी, एका तेलुगूभाषी ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वीरस्वामी हे जमीनदारीच्या महसुली कामावर अल्प वेतनावर होते. घरची परिस्थिती बेताचीच. तिरुपती व वेल्लोर येथील मिशनरी शाळांतून शिक्षण घेऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. तत्त्वज्ञान हा विषय त्यांनी निवडला तो मोठ्या विचारपूर्वक निवडला असेल असे कोणासही वाटेल. परंतु नात्यातील एक मुलगा पदवीधर होऊन बाहेर पडला, त्याची तत्त्वज्ञानाची जुनी पुस्तके यांना फुकट मिळाली आणि विषय ठरला! गरिबीने केलेली अशी निवड पुढे जगप्रसिद्ध झाली. पदव्युत्तर परीक्षेसाठी त्यांनी वेदान्तातील नीतिविचारावर प्रबंध लिहिला. वेदान्तात नीतीला स्थान नाही, असा आक्षेप मिशनरी अध्यापकांकडून कानी पडत असे. त्यास दिलेले ते एका विशीतल्या विद्यार्थ्याचे उत्तर होते. १९०९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अध्यापक झाले. १९१८ साली म्हैसूर, १९२१ साली कलकत्ता, असा क्रम पुढे चालला. म्हैसूर सोडताना विद्यार्थ्यांनी गाडीचे घोडे सोडून स्वतः गाडी ओढत त्यांना स्टेशनापर्यंत पोहोचविले, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यानंतर आंध्र विद्यापीठाचे कुलगुरुपद, ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद, आणि १९३९ पासून पंडित मालवीय यांच्या मागून काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. १९४८ साली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते, घटना समितीचे सभासद होते, आणि १९४९ पासून मॉस्को येथे भारताचे राजदूत होते.

ही सर्व पदे मोठी होत. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी, की यांतील कोणतेही पद निवडणुकीच्या राजकारणातले नव्हते. राधाकृष्णन् कधी तुरुंगात गेले नाहीत, कोणत्याही पक्षाचे चार आण्यांचे सभासद झाले नाहीत, त्यांनी कधी मते मागितली नाहीत. अशा गृहस्थास १९५२ साली पंडित नेहरूंनी उपराष्ट्रपतिपदासाठी पुढे केले, तेव्हा स्वातंत्र्यलढ्यात हाडे झिजविलेल्या कित्येकांच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही. निवडणूक मात्र बिनविरोध झाली.

आता ज्या सभागृहाची धुरा त्यांच्या हाती आली, त्याची अवस्था पाहू. इंग्रजी अमदानीत १९२१ पासून दिल्लीस कौन्सिल ऑफ स्टेट नावाचे एक वरिष्ठ सभागृह होते. जमीनदार, धनिक व सरकारने नेमलेले गृहस्थ यांचाच त्यात भरणा असे आणि लोकांच्या मनात त्याविषयी आदर बेताचाच होता. त्यामुळे घटना समितीत १९४७ च्या जुलै महिन्यात, नव्या भारतास असले दुसरे सभागृह हवेच कशाला, असा प्रश्न काही सभासदांनी उघडपणे विचारला. गोपालस्वामी अय्यंगार यांनी त्यास उत्तर देताना, घाईने व क्षोभाने होणारे कायदे थोडे थांबवून पाहणे हे या सभागृहाचे काम आहे, अशी बाजू मांडली. त्यांची बाजू मान्य झाली. परंतु अधिकार वाटताना हात आखडता घेतला गेला. करांची व खर्चाची विधेयके राज्यसभेने फार तर चौदा दिवस ठेवून घ्यावीत. मंत्रिमंडळ खाली खेचण्याचा अधिकार तीस नाही. दोन सभागृहांचा मतभेद मिटेना तर संयुक्त बैठक व्हावी, आणि तेथे लोकसभेचे संख्याबळ दुपटीहून अधिक. १९५२ साली राज्यसभेचे सभासद २१६ होते, त्यांपैकी २०४ राज्यांतून निवडलेले व १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. ही सभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात.

सभापतीची स्थिती तर याहून नाजूक आहे. लोकसभेचे अध्यक्ष त्या सभेतूनच निवडले जातात. राज्यसभेचे सभापती हे सभेचे सभासदच नसतात. उपराष्ट्रपती म्हणून ते निवडून येतात आणि त्या पदाबरोबर ही खुर्ची त्यांच्याकडे चालत येते. इतके की त्यांस वेतन मिळते तेही उपराष्ट्रपती म्हणून नव्हे, तर सभापती म्हणून. मतही त्यांना नाही. समसमान मते पडली तरच ते एक मत देऊ शकतात. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत ज्यांनी ज्यांनी अध्यक्षस्थान भूषविले आहे, त्यांना हिशेबाचा विषय निघाला म्हणजे खुर्ची किती तापते हे सांगावयास नको. येथे तर समोर दोनशेंवर मुरब्बी मंडळी होती आणि खुर्चीवरचा गृहस्थ त्यांच्यातला नव्हता.

१३ मे १९५२ रोजी राज्यसभेची पहिली बैठक भरली. सभासदांच्या स्वागतास उत्तर देताना राधाकृष्णन् यांनी आपण कोणत्याच पक्षाचे नाही आणि म्हणूनच सभागृहातील प्रत्येक पक्षाचे आहोत, असे सांगितले. असे शब्द खुर्चीवर बसणारे सर्वच उच्चारतात. पुढे ते किती पाळले जातात हा प्रश्न असतो. समोर सरकारपक्षाचे प्रचंड बहुमत होते. विरोधी बाकांवर भूपेश गुप्त यांच्यासारखे कम्युनिस्ट वक्ते होते, जे पुढे १९८१ पर्यंत त्या सभागृहात गाजत राहिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू स्वतंत्रपणे बोलत. मुंबई राज्यातून निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ पासून १९५६ साली देहावसान होईपर्यंत या सभेचे सभासद होते. नेमलेल्या बारा जणांत काकासाहेब कालेलकर, सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, रुक्मिणीदेवी अरुंडेल, नट पृथ्वीराज कपूर व डॉ. झाकीर हुसेन असे लोक होते. पुढे १९५३ साली महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि १९५६ साली मामा वरेरकर यांची भर पडली. एवढ्या विद्वानांना एका वर्गात बसवून शांतता राखणे हे काम किती अवघड, ते शिक्षकासच कळेल! राधाकृष्णन् हातोडा आपटून बोलण्यापेक्षा एखाद्या मिस्कील वाक्याने वा संस्कृत वचनाने सभा शांत करीत. त्यांच्यामुळे सभेस घरच्या माणसांच्या मेळाव्याचे रूप आले, असा अभिप्राय पुढे खुद्द नेहरूंनी दिला होता.

परंतु केवळ गोड बोलून भागले नाही, असे दोन प्रसंग आले.

पहिला प्रसंग १९५३ चा. एप्रिलच्या अखेरीस प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक राज्यसभेपुढे आले. ते धनविधेयक असल्याचा लोकसभेच्या अध्यक्षांचा दाखला त्यावर होता. लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर, म्हणजे मूळ मराठी घराण्यातले, अहमदाबादेस स्थायिक झालेले नामांकित वकील. हे विधेयक खरोखर धनविधेयक आहे काय, अशी शंका राज्यसभेत निघाली, आणि सभागृहनेते व कायदेमंत्री चारुचंद्र बिस्वास यांच्या बोलण्यातून अध्यक्षांच्या दाखल्यावरच आक्षेप ध्वनित होतो, असा लोकसभेतील काहींचा समज झाला. बिस्वास यांनी लोकसभेत येऊन खुलासा करावा, अशी तेथे मागणी झाली. इकडे राज्यसभेचा स्वाभिमान दुखावला. १ मे रोजी तिने ठरावच केला, की हा विषय चालू असेतो आपल्या सभागृहनेत्याने त्या सभागृहात कोणत्याही नात्याने उपस्थित राहू नये. भावाभावांत वाटणीच्या भिंतीवरून जशी जुंपते तशी ही जुंपली. घटनेप्रमाणे अध्यक्षांचा दाखला अंतिम असतो, त्यामुळे कायद्याने राज्यसभेची बाजू दुबळी होती. मानाचा प्रश्न मात्र खरा होता. अखेर ६ मे रोजी पंडित नेहरूंनी राज्यसभेत निवेदन केले. दोन सभागृहे मिळून संसद होते. धनविषयक बाबी वगळता त्यांत उच्चनीच नाही, असा त्याचा आशय होता. वादळ शमले. पुढे लोकलेखा समितीत लोकसभेच्या पंधरा सभासदांबरोबर राज्यसभेचे सात सभासद घेण्याची पद्धत पडली, ती आजतागायत चालू आहे. खुर्चीवरील गृहस्थ मानापमानाने पेटणारे असते, तर हे प्रकरण एवढ्या लवकर विझले नसते, असे आम्हांस वाटते.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षीचा, आणि तो अधिक झोंबणारा. विशेष विवाहाचे विधेयक प्रथम राज्यसभेत मांडले गेले होते. लोकसभेचे सभासद व हिंदुमहासभेचे पुढारी निर्मलचंद्र चटर्जी यांनी हैदराबाद येथील एका भाषणात या विधेयकावरून वरिष्ठ सभागृहाची संभावना उनाड पोरांचा कंपू अशा अर्थाच्या शब्दांनी केली. मे १९५४ मध्ये हा हक्कभंग म्हणून राज्यसभेत उपस्थित झाला. वृत्तपत्रातील मजकूर खरा आहे काय, अशी विचारणा करणारे पत्र राज्यसभेच्या सचिवांनी चटर्जी यांस धाडले. त्यावर लोकसभा खवळली. आमच्या सभासदास जाब विचारणारे तुम्ही कोण, असा सूर तेथे उमटला. एका सभेने अपमान सोसावा काय आणि दुसरीने आपला माणूस हवाली करावा काय, असा हा पेच होता. तो सुटला तो असा. दोन्ही सभागृहांच्या हक्क समित्या एकत्र बसल्या आणि त्यांनी नियम घालून दिला, की एका सभागृहाच्या सभासदाकडून दुसऱ्याचा हक्कभंग झाल्याची तक्रार आल्यास, ती त्या सभासदाच्याच सभागृहाच्या प्रमुखाकडे पाठवावी आणि तेथेच तिचा निवाडा व्हावा. डिसेंबर १९५४ मध्ये दोन्ही सभागृहांनी हा अहवाल मान्य केला. आमच्या शाळेत एका वर्गाच्या मुलाने दुसऱ्या वर्गाच्या मुलास मारले, म्हणजे त्याच्याच वर्गशिक्षकाकडे त्यास पाठविण्याचा रिवाज होता, त्याची आम्हांस येथे आठवण होते.

मधल्या काळात, २३ ऑगस्ट १९५४ रोजी, या सभेस हिंदीत राज्यसभा म्हटले जाईल, अशी घोषणा राधाकृष्णन् यांनी सभापती म्हणून केली. आज आपण सहज उच्चारतो ते नाव त्या दिवसापासूनचे. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

या सभेने कामही थोडेथोडके केले नाही. हिंदू विवाह व हिंदू वारसा यांची विधेयके प्रथम राज्यसभेतच मांडली गेली. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी हे विसरू नये. रुक्मिणीदेवींनी १९५३ साली मुक्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्वतःचे विधेयक आणले. सरकारच्या आश्वासनावरून ते त्यांनी मागे घेतले आणि १९६० साली सरकारनेच तसा कायदा केला. हुंडाबंदीच्या विधेयकावर दोन सभागृहांचे एकमत होईना, म्हणून ६ व ९ मे १९६१ रोजी संसदेची पहिली संयुक्त बैठक भरली. संयुक्त बैठकीत अध्यक्षस्थान लोकसभेच्या अध्यक्षांचे असते. राज्यसभेचे सभापती त्या दिवशी खुर्चीवर नव्हते.

एक गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवीत नाही. या दहा वर्षांत राधाकृष्णन् यांचे परदेशदौरे व व्याख्याने पुष्कळ झाली; ते दिल्ली विद्यापीठाचे कुलपती होते; उपनिषदांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ साली आणि ब्रह्मसूत्रांवरील १९६० साली प्रसिद्ध झाला. १९६० साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद रशियाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा, आणि १९६१ साली ते दीर्घकाळ आजारी होते तेव्हा, राष्ट्रपतींचे कामही यांनीच पाहिले. आणि उपराष्ट्रपती राष्ट्रपतींचे काम पाहू लागले म्हणजे घटनेप्रमाणे त्यांना सभापतीच्या खुर्चीवर बसता येत नाही. अशा सर्व वेळी खुर्ची सांभाळली ती उपसभापती कृष्णमूर्ती राव यांनी. त्यांचे नाव आज कोणी घेत नाही, हे बरे नव्हे. १९५६ च्या नोव्हेंबरात राधाकृष्णन् यांच्या पत्नी शिवकामू निवर्तल्या. १९५७ साली राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची बोलवा होती, परंतु राजेंद्रप्रसादच पुन्हा निवडून आले आणि हे दुसऱ्यांदा, पुन्हा बिनविरोध, उपराष्ट्रपती झाले.

१३ मे १९६२ रोजी, राज्यसभेच्या पहिल्या बैठकीस बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, ते राष्ट्रपती झाले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर आले डॉ. झाकीर हुसेन, जे १९५२ साली त्याच सभेत नेमलेले सभासद म्हणून समोर बसत असत. राष्ट्रपतिपदाची पाच वर्षे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणून ती आम्ही थोडक्यात आटोपतो. वाढदिवस साजरा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी तो शिक्षकदिन म्हणून पाळावयास सांगितले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सरकारच्या भोळेपणावर व बेसावधपणावर त्यांनी जाहीरपणे बोट ठेवले. नेहरू व शास्त्री या दोन पंतप्रधानांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. १९६३ साली त्यांच्याच कारकीर्दीत काणे यांस भारतरत्न मिळाले. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्रास उद्देशून केलेल्या अखेरच्या भाषणातही कारभारातील ढिलाईबद्दल ते स्पष्ट बोलले, आणि मे महिन्यात मद्रासला परतले.

मैलापुरातील 'गिरिजा' या आपल्या घरी त्यांनी उरलेली वर्षे काढली. १७ एप्रिल १९७५ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र इतिहासकार सर्वपल्ली गोपाल यांनी १९८९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ज्या रस्त्यावर त्यांचे घर होते तो पूर्वी एडवर्ड इलियट रस्ता म्हणून ओळखला जाई. आता त्यास डॉ. राधाकृष्णन् सालै असे म्हणतात.