गाव धरून ठेवणारे मणिभाई

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वस्तीवर घरांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शाळेत मोजकी पोरं. विस्ताराच्या कामासाठी फिरताना हे दर वर्षी दिसतं. अशा वेळी हटकून आठवतात ते डॉ. मणिभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा येथे शेतकरी घरात झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेला. मार्च १९४६ मध्ये गांधीजींबरोबर ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले. गांधीजी आठवडाभराने पुढे गेले. मणिभाई मात्र निसर्गोपचार आश्रमाचे काम अंगावर घेऊन तिथेच राहिले, ते अखेरपर्यंत.

गावात राहिल्यावर त्यांना एक गोष्ट कळली. माणूस गाव सोडतो तो हौसेने नव्हे. पाऊसकाळ संपला की हाताला काम नाही आणि घरात पैसा नाही, म्हणून सोडतो. तेव्हा बारमाही पैसा देणारे काही दारात हवे. आश्रमात त्यांनी गीर गाई पाळल्या, जातिवंत पैदाशीचा अभ्यास केला. १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आजची बाएफ ही संस्था उभी केली. गावठी गाईला संकरित कालवड व्हावी म्हणून गोठवलेल्या रेतमात्रा गावोगाव नेल्या. गाय माजावर आली की दवाखान्यापर्यंत हाकत न्यायची गरज नाही, माणूस गोठ्यात येणार. ही पद्धत त्यांनी बसवली. दुधाचा पगार ठरल्या दिवशी हातात पडू लागला की घरातला एक तरी पोरगा गावात टिकतो, हे आपणही पाहिलेले आहे.

पण दुधाळ गाय पोसायला चारा-पाणी लागते. डोंगरातल्या आदिवासींकडे ते कुठले? दक्षिण गुजरातेत वांसदा भागातली कुटुंबे भात निघाला की मजुरीला बाहेर पडत. तिथे १९८२ पासून बाएफने 'वाडी' सुरू केली. साधारण एकरभर पडीक जमीन घ्यायची, बांध घालायचे, आंबा-काजूची कलमे लावायची, सभोवती कुंपणाची झाडे. पहिली काही वर्षे डोक्या-खांद्यावरून पाणी आणून रोपे जगवली. फळ लागेपर्यंत पोट भरावे म्हणून मधल्या पट्ट्यात भाजीपाला आणि कडधान्य. रोपे जगवायची तर उन्हाळ्यात घर सोडून चालत नाही. वाडीला राखणदार लागतो, अन् तो घरधनीच. झाडे फळाला आली तशी बाहेरची मजुरी कमी झाली आणि पोरांची शाळा सुटेना.

१९८२ मध्येच मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते गेले. पुढे नाबार्डने वाडीची पद्धत इतर राज्यांतही नेली.

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावात मणिभाई येणार नाहीत. पण पुढच्या ग्रामसभेत एवढे तरी करा : कोणते घर कोणत्या महिन्यात बाहेर पडते, ते लिहून काढा. त्या महिन्यात त्या घरात पैसा कशाने येईल, दुधाने, शेळीने की चार कलमांनी, हे त्याच घराला विचारा. योजना मागायची ती त्यानंतर.