गांधीजींचे कच्चे ताट

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या घरातला गॅस माझ्यापुरता बंद केला. तपासणीत रक्तातली साखर सीमारेषेवर निघाली होती आणि शिजवलेले अन्न म्हणजे मेलेले अन्न, हे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझ्या मनावर चांगलेच बिंबवले होते. मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, गाजर, काकडी, खजूर. पहिले चार दिवस अंग हलके झाले आणि जीभ सैल. भेटेल त्याला उपदेश! नवव्या दिवशी पोटाने असहकार पुकारला. दोन दिवस अंथरुणावर काढले, तेव्हा सौ.ने काही न बोलता मऊ भात आणि मेतकूट पुढे ठेवले. मी मुकाट्याने खाल्ले, पण हरल्याची रुखरुख राहिलीच. त्या पडून राहण्यात गांधीजींची आत्मकथा आणि त्यांचे आहारावरचे लेखन पुन्हा चाळले. या वाटेवर माझ्या आधी एक फार मोठा माणूस घसरला होता, तोही एकदा नव्हे.

१८८८ साली मोहनदास लंडनला गेला, तो मांसाला न शिवण्याचा शब्द आईला देऊन. परक्या घरी बेचव उकडलेले खाऊन तो अर्धपोटी राही. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी खाणावळ सापडली आणि तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक. तोवर शाकाहार हे आईला दिलेले वचन होते. त्या दिवसापासून तो त्याचा स्वतःचा विचार झाला. घरून येणारे मसाले आणि मिठाया त्याने बंद केल्या. चव जिभेत नसते, मनात असते, हे नुसत्या उकडलेल्या पालकाने त्याला शिकवले.

पुढे १८९३ च्या ऑगस्टमध्ये, प्रिटोरियात, या तेविशीतल्या बॅरिस्टराने चूलच वर्ज्य केली. भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, मनुका, संत्री. रोज काय खाल्ले आणि काय झाले, याची नोंद तो ठेवी. दात दुखू लागले, अशक्तपणा आला आणि थोड्याच दिवसांत प्रयोग गुंडाळावा लागला. विशेष म्हणजे ही फजिती त्याने लपवली नाही. लंडनच्या शाकाहारी मंडळींच्या पत्रात ती छापायला पाठवली.

पण हौस काही फिटली नव्हती. टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडले. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल, एवढाच त्यांचा शिधा. त्याच काळात घरातही प्रयोग चालत. आजारी कस्तुरबांनी मीठ आणि डाळ सोडावी, असा त्यांचा आग्रह होता. तुम्हाला तरी हे जमेल का, अशा अर्थाचे त्या बोलून गेल्या, आणि नवऱ्याने तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडून टाकले. बिचाऱ्या कस्तुरबांना रडू कोसळले. या प्रसंगात मला नेहमीच नवऱ्यापेक्षा बायकोची बाजू जास्त कळते.

खरी कसोटी १९१८ मध्ये खेड्याला लागली. सैन्यभरतीसाठी पायपीट करताना खाणे होते शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. पोट आधीच बिघडलेले. त्यात एका सणाला कस्तुरबांनी तेलातली गोड लापशी आणि वाडगाभर मूग ठेवले होते. मोह झाला, आणि तासाभरात आव सुरू झाली. मरण समोर दिसू लागले. पुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. दलालांनी दूध घेतल्याशिवाय अंग धरणार नाही, असे बजावले. पण दूध न घेण्याचे व्रत! तेव्हा कस्तुरबांनीच वाट काढली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि जगले. पण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गेला, ही खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली.

एवढे होऊनही १९२९ च्या उन्हाळ्यात, साठीला टेकलेले असताना, त्यांनी पुन्हा न शिजवलेल्या अन्नाचा ध्यास घेतला. आश्रमातले काही जणही सामील झाले. ऑगस्टमध्ये पुन्हा आव, पुन्हा माघार, आणि ‘यंग इंडिया’त पुन्हा जाहीर कबुली.

आज या अपयशांची कारणे सांगता येतात. धान्यातला पिठूळ भाग आणि कडधान्ये शिजली म्हणजे पचायला सोपी होतात. आणि दुधाशिवाय शाकाहारी माणसाला ज्याची उणीव भासते, ते ब-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांच्या हाती वेगळे लागले १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी.

मात्र या धडपडीतून जे उरले, ते आपल्या वर्ध्यात रुजले. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा प्रसार सुरू झाला. कच्चे खा, हा हट्ट मागे पडला. धान्याचा कोंडा आणि कस गिरणीत घालवू नका, हे राहिले. त्यात शेतकऱ्याच्या आणि तेल्याच्या पोटाचाही विचार होता. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरळी कांचनला निसर्गोपचार सुरू झाला, तोही खेड्यातल्या गरिबाला परवडावा म्हणून.

माझ्या ताटात आता ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ आणि थोडी काकडी असते. साखरेसाठी डॉक्टरांकडे जातो. फिरायला येणाऱ्या मंडळींना मी माझ्या नवव्या दिवसाची हकीकतही सांगून टाकली. आधी हसली, मग त्यांतल्या दोघांनी हळूच आपापल्या पोटाच्या कहाण्या सांगितल्या. घरी मात्र अजून एक काम बाकी होते. परवा मऊ भात मी स्वतः रांधला आणि सौ.ला वाढला. थोडा करपला होता; तिने तोही काही न बोलता खाल्ला.