वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग आणि कुष्ठरोगातील मज्जातंतूंची हानी हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते.

शिक्षण व कार्य

१९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. झाल्यावर खानोलकरांनी मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गो.सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. त्यानंतर ते टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

कुष्ठरोगविषयक संशोधन

कुष्ठरोग हा मुख्यतः त्वचेचा विकार मानला जात असे. खानोलकरांनी सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. जिवाणू त्वचेतील मज्जातंतूंच्या बारीक टोकांत शिरून तेथून मोठ्या मज्जातंतूंकडे सरकतात व रोगाच्या आरंभापासूनच मज्जातंतू बाधित असतात, असे प्रतिपादन त्यांनी केले. हा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणू मज्जातंतूच्या अक्षतंतूतून प्रवास करतात, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनात मात्र अक्षतंतूभोवतालच्या श्वान पेशी हेच त्यांचे मुख्य आश्रयस्थान असल्याचे दिसून आले. हातापायांची संवेदना गेल्याने नकळत जखमा होतात व त्यांतून व्यंग येते. त्यामुळे रुग्णाच्या मज्जातंतूंची वेळीच तपासणी महत्त्वाची ठरते.

१९५८ मध्ये खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून वाढविलेल्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांवरून तो आय.सी.आर.सी. जिवाणू म्हणून ओळखला जातो. त्यापासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली.

नंतरचे संशोधन

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी लावला. त्याच्या प्रकारांपैकी गॅमा इंटरफेरॉन टी पेशींतून स्रवते व भक्षक पेशींना जिवाणू मारण्यास उद्युक्त करते. ज्या रुग्णांत हा प्रतिसाद क्षीण असतो, त्यांच्यात जिवाणू बेसुमार वाढतात; तो एकाएकी तीव्र झाल्यास मज्जातंतूला सूज येऊन त्याची कायमची हानी होऊ शकते. १९८० च्या दशकात हे द्रव्य रुग्णांच्या त्वचेत टोचले असता जिवाणू घटल्याचे आढळले. परंतु काही रुग्णांत तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या. त्यामुळे हा उपचार रूढ झाला नाही. जिवाणूंसाठी बहुविध औषधोपचार व मज्जातंतूच्या दाहासाठी स्टेरॉइड हीच उपचारपद्धती कायम राहिली.