चार्ल्स ब्रॅडलॉ : नॉर्दम्प्टनचे प्रतिनिधी

डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास दुखण्यातून नुकतेच उठलेले एक इंग्रज पाहुणे उपस्थित होते. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडणारे म्हणून चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा येथे मोठा गौरव झाला. त्याच पार्लमेंटाने त्यांना आपल्या आसनासाठी जवळजवळ सहा वर्षे झगडावयास लावले होते.

ब्रॅडलॉ यांचा जन्म १८३३ चा, लंडनमधला. वडील वकिलाकडे कारकून. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवीत असता शुभवर्तमानांतील विसंगतींविषयी त्यांनी पाद्र्यांकडे शंका काढल्या. निरसन तर झाले नाहीच, उलट काम गेले आणि घरही सुटले. पुढे शिपाईगिरी आणि वकिलाकडील कारकुनी करता करता कायदा त्यांच्या अंगी मुरला. निरीश्वरवादी वक्ते म्हणून त्यांचे नाव झाले.

तीन पराभवांनंतर १८८० मध्ये, जोडे बनविणाऱ्या कारागिरांच्या नॉर्दम्प्टन शहराने त्यांना निवडून दिले. न्यायालयात निरीश्वरवाद्यास ईश्वराच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा होती. तीच त्यांनी कॉमन्स सभेत मागितली. ती नाकारण्यात आली. मग ते शपथ घेण्यास पुढे झाले, तर ईश्वर न मानणाऱ्याची शपथ कसली, असा आक्षेप निघाला. दोन्ही दारे अशी बंद! मागे हटण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडण्यात आले. पुढे स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून त्यांना बसू दिले. परंतु मार्च १८८१ मध्ये न्यायालयाने ती अवैध ठरविली आणि जागा रिकामी झाली.

नॉर्दम्प्टनने त्यांनाच पुन्हा निवडले. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना ओढत सभागृहाच्या बाहेर काढले. १८८२ मध्ये व १८८४ मध्येही मतदारांचा कौल तोच राहिला. या प्रकरणी इंग्लंडातील पंथभेदही उघडे पडले. कॅथलिकांना १८२९ मध्ये आणि ज्यूंना १८५८ मध्ये ही दारे खुली झाली होती. तरीही, ज्यांच्या आयर्लंडची बाजू ब्रॅडलॉ यांनी घेतली, त्या आयरिश सभासदांपैकी बहुतेकांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. प्रतिज्ञेस मान्यता देणारे ग्लॅडस्टन सरकारचे विधेयक १८८३ मध्ये २९२ विरुद्ध २८९ मतांनी, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले.

जानेवारी १८८६ मध्ये नवे सभापती पील यांनी कोणाचाही आक्षेप ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊ दिली. दोनच वर्षांनी ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा हक्क कायद्यात आला. मुंबईहून परतल्यावर त्यांनी हिंदुस्थानातील कायदे-मंडळांच्या सुधारणेचे विधेयकही मांडले. पण प्रकृती पुन्हा ढासळली.

२७ जानेवारी १८९१ रोजी, त्यांना मज्जाव करणारा १८८० चा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकण्याचे कॉमन्स सभेने ठरविले. ब्रॅडलॉ तेव्हा मरणशय्येवर शुद्ध हरपून पडले होते. ती वार्ता त्यांना कळली नाही. ३० तारखेस त्यांचे निधन झाले. ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत कोणत्याही धर्मविधीवाचून त्यांचे दफन झाले. त्या वेळी लंडनमधील बरेच हिंदी लोक उपस्थित होते. त्यांत मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थीही होता.