गाडगेबाबांचा प्रश्न

माणगावच्या एस.टी. स्टँडजवळच्या पानाच्या गादीवर मी उमेदीच्या काळात बरेच पैसे घालवले. बँकेत अधिकारी होतो. दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते पैशापर्यंत मोजायचो. स्वतःच्या सिगारेटचा हिशेब मात्र कधी मांडला नाही. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर आलेला इशारा रोज डोळ्यांखालून जाई, पण तो वाचल्याचे आठवत नाही. पुढे २००९ पासून पाकिटांवर चित्रे आली. सिनेमाच्या पडद्यावर तंबाखूने बळी घेतलेला एक मराठी तरुण दिसू लागला, तेव्हा त्याची नक्कल करून हसणारी पोरेही मी पाहिली. अशा वेळी मला हटकून गाडगेबाबा आठवतात.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वडील दारूच्या नादी लागले आणि १८८४ साली गेले. आठ वर्षांच्या देबूला घेऊन आई सखुबाई माहेरी दापुऱ्याला आली. तिथे त्याने गुरे राखली, शेत कसले. पुढे मामाची जमीन सावकाराने घशात घातली, तेही त्याने पाहिले. व्यसन आणि कर्ज ही दोन दुखणी त्याने अशी घरातच भोगली होती.

मुलीच्या बारशाला दारू आणि मटण हवेच, अशी जातीची रीत होती. देबूजीने पंगतीत गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण तो बधला नाही. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात गाडगे आणि खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच लोकांपुढे कीर्तनाला उभे राहायचे.

त्या कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न फार. अगदी साध्या गोष्टी ते वऱ्हाडी बोलीत विचारत. लोक उत्तर देत, हसत, आणि हसता हसता आपणच दिलेल्या उत्तरात अडकत. दारू पिऊ नका, सणासाठी ऋण काढू नका, मुलांना शाळेत घाला, हे शेवटी श्रोतेच कबूल करीत. सिनेमागृहातले हसू माणसाला त्या तरुणापासून दूर नेते. कीर्तनातले हसू त्याला स्वतःच्या घरी आणून सोडत असे. आमच्या याच मुंबई-गोवा रस्त्यावरच्या खारेपाटणला त्यांना मुलगा गोविंद गेल्याची बातमी कळली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. सांगणाऱ्याने आधी स्वतः किती सोसले आहे, हे लोक बरोबर ओळखतात.

पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः त्यांत मालकासारखे कधी राहिले नाहीत. पाया पडणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. आमच्या शाखेतला एक शिपाई तंबाखूने तोंडाचा आजार होऊन तिथे राहिला होता. मी भेटायला गेलो. खिशातले पाकीट वर डोकावत होते. त्याच्या बायकोने ते पाहिले. ती रागावली नाही. रोजचा खर्च किती येतो, एवढेच तिने विचारले. मी सांगितला. मग वर्षाचा किती, हे तिने विचारले. आयुष्य व्याज मोजण्यात घालवलेला मी, त्या पायरीवर माझा आकडा पुरा होईना. शिपाई तोंडाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होता.

त्या दिवशी सिगारेट सुटली असे म्हणणे खोटे ठरेल. दोनदा सोडली, दोनदा धरली, तिसऱ्या खेपेस सुटली. शिपाई मात्र घरी परतला नाही. आजही स्टँडवरून जाताना पानाची गादी दिसते आणि तिचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. आपल्या घरातल्या कुणाच्या खिशात पाकीट किंवा पुडी असेल, तर आज रविवारी जेवताना त्याला इशारा देऊ नका. शांतपणे हिशेब तेवढा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.