क्षमेची वाट चालणारी साध्वी : संत जेन फ्रान्सिस द शांताल

प्रभूनें शिकविलेली प्रार्थना म्हणतांना आपण रोज परमेश्वरापाशीं क्षमा मागतों, आणि त्याच श्वासांत दुसऱ्यांस क्षमा करण्याचें वचनहि देतों. मागणें सोपें वाटतें. वचन पाळणें कित्येकांस वर्षानुवर्षें जड जातें. ज्यांना तें जड गेलें आणि तरीहि ज्या संतपदास पोंचल्या, अशा एका साध्वीचें चरित्र ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

संत जेन फ्रान्सिस द शांताल ह्यांचा जन्म फ्रान्स देशांतील दिजों शहरीं २८ जानेवारी १५७२ रोजीं झाला. वडील बरगंडी प्रांताच्या न्यायसभेचे एक अध्यक्ष होते. आईचें छत्र अगदीं बालपणींच हरपलें. १५९२ सालीं बॅरन क्रिस्तोफ द शांताल ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या जहागिरीची विसकटलेली घडी त्यांनीं नीट बसविली, आणि दाराशीं आलेल्या गरिबास कधीं विन्मुख जाऊं दिलें नाहीं. संसार सुखाचा होता.

१६०१ सालीं त्या सुखावर घाला पडला. शिकारीच्या वेळीं एका आप्ताच्या बंदुकीची गोळी चुकून बॅरनसाहेबांस लागली. कांहीं दिवस वेदना सोसून त्यांनीं प्राण सोडला. परंतु तत्पूर्वीं त्यांनीं त्या आप्तास मनापासून क्षमा केली. मागें राहिली एकोणतीस वर्षांची विधवा आणि चार लेंकरें, त्यांतलें धाकटें तर तान्हें होतें.

पतीनें मरणशय्येवर जें केलें, तें पत्नीस कांहीं केल्या जमेना. तो अपघात होता हें बुद्धीस पटे, पण हृदय ऐकेना. त्या मनुष्याची भेटहि त्यांस असह्य वाटे. संतांचीं अंतःकरणें वेगळ्याच मातीचीं असतात असें मानून आपण आपली सुटका करून घेतों. ह्या साध्वीचें अंतःकरण मात्र तुमच्याआमच्यासारखेंच होतें.

पुढें मुलांचा वारसा बुडूं नये म्हणून त्यांना मोंथलों येथें सासऱ्यांच्या घरीं जाऊन राहावें लागलें. सासरे तापट, आणि घरचा सारा कारभार एका उद्धट चाकर बाईच्या हातीं. तिचे अपमान ह्या थोर घराण्याच्या सुनेनें सुमारें सात वर्षें सोसले. एवढेंच नव्हे, तर त्याच बाईच्या मुलांची निगा राखून त्यांना शिकविलें. मोठी क्षमा अद्याप जमत नव्हती. पण ह्या लहान लहान क्षमांचा अभ्यास त्या घरांत नित्य चालला होता.

१६०४ सालच्या उपवासकाळांत जिनीव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स प्रवचनांसाठीं दिजों येथें आले. पुढें तेच त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. त्या आप्ताच्या भेटीचा प्रश्न निघाला तेव्हां त्यांनीं मोठा शहाणपणाचा सल्ला दिला. भेट मुद्दाम शोधीत जाऊं नये. परंतु प्रसंग आलाच तर सौम्य व दयार्द्र अंतःकरणानें भेटावें. मन खळबळेल, रक्त उसळेल; त्यानें घाबरून जाऊं नये. भावनेचा कल्लोळ आपल्या हातीं नसतो. पाऊल कोणत्या दिशेस टाकावयाचें तें मात्र असतें.

जेन ह्यांनीं तें पाऊल टाकलें. प्रथम नुसता नमस्कार झाला. पुढें त्या मनुष्यास घरीं बोलावणें गेलें. आणि अखेरीस त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं त्या स्वतः धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या. ज्याच्या हातून कुंकू पुसलें गेलें, त्याचें लेंकरूं त्यांनीं आपलें मानलें!

६ जून १६१० रोजीं संत फ्रान्सिस ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं आन्सी येथें व्हिजिटेशन हा धर्मभगिनींचा संघ स्थापिला. प्रकृतीनें दुर्बळ स्त्रियांस व विधवांसहि त्यांत प्रवेश होता. १३ डिसेंबर १६४१ रोजीं मूलें येथें त्यांनीं देह ठेविला, तेव्हां संघाचे ऐंशींहून अधिक मठ उभे होते. १७६७ सालीं पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांना संत म्हणून घोषित केलें.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे गुलामांच्या सुटकेचें व गेलेली जमीन मूळ मालकास परत देण्याचें वर्ष होतें. आपल्या धर्मग्रामांतहि शेताच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून किंवा एखाद्या राहून गेलेल्या आमंत्रणावरून अबोला धरलेलीं घरें नाहींत काय? एकाच मिस्सेस येऊन एकमेकांकडे पाठ फिरविणारे भाऊ नाहींत काय? मंदिरास रंग देऊन व तोरणें बांधून ज्युबिली पुरी होत नाहीं. ज्याचें चुकलें त्यानें उंबरठा ओलांडावा, आणि ज्यास दुखविलें त्यानें दार लावून घेऊं नये. आरंभ नुसत्या नमस्कारानें झाला तरी पुरे; संत जेन ह्यांचाहि तेथूनच झाला. त्या आपणांसाठीं विनंती करोत, एवढीच आमची प्रार्थना.