गिरणीतला भांडारपाल

आठवड्याची सुट्टी आज बल्लारपूरच्या कागद कारखान्यात वा घुग्घुसच्या कोळसा खाणीत कोणालाही नवलाची वाटत नाही. तिच्यासाठी पहिला लढा उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतः मजूर नव्हते. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून मुंबईतील मांडवीच्या कापडगिरणीत भांडारपाल झाले. अशा पांढरपेशा माणसाला गप्प बसणेच सोयीचे होते. परंतु जोतीराव फुले यांच्या या अनुयायाने १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र हाती घेतले आणि गिरणीकामगारांची गाऱ्हाणी मांडण्यास प्रारंभ केला.

१८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी ६.३० ते सूर्यास्त एवढेच काम, १५ तारखेपर्यंत पगार, जायबंदी झालेल्यास भरपाई. किती माफक मागण्या! तरी मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० च्या सभेस १० हजार कामगार जमले, दोन स्त्रियांनीही भाषणे केली. जूनमध्ये रविवार मिळाला. त्यांच्या संघटनेला ना वर्गणी होती ना नियमावली, म्हणून अभ्यासक तिला युनियन म्हणण्यास कचरतात. रविवार मात्र तिनेच आणला.

१८९१ च्या कायद्याने कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी आली, पण त्यातून खाणी वगळल्या होत्या. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण तेव्हा चालू होती. खाणकामगारांना सहा दिवसांचा आठवडा १९२३ च्या कायद्याने मिळाला. तोवर वरोऱ्याची ती खाण बंद पडली होती आणि लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत निवर्तले होते.